घटक ३ : पंडिता रमाबाई – आहार, श्रद्धा आणि ‘आतला-बाहेरचा’ हा प्रश्न

३.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• पंडिता रमाबाईंच्या जीवनातील प्रमुख टप्पे क्रमाने सांगता येतील.
• आहारविषयक आचार आणि धर्मश्रद्धा यांतील संबंध व भेद स्पष्ट करता येईल.
• अंतःस्थ दृष्टी आणि बाह्य दृष्टी या संकल्पना उदाहरणांसह मांडता येतील.
• एखाद्या समाजाच्या आचाराविषयीचे विधान कोणी आणि कोणासाठी केले आहे, हे तपासता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याची पार्श्वभूमी पाहिली. त्या गद्याला ज्या व्यक्तींनी आशय पुरवला, त्यांत पंडिता रमाबाई यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या चरित्राकडे या घटकात आपण एका विशिष्ट अंगाने पाहणार आहोत. ते अंग म्हणजे आहार. एवढ्या मोठ्या विदुषीच्या चरित्रात ताटातल्या अन्नाला इतके महत्त्व कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे उत्तर चरित्राच्या ओघातच मिळेल.

तत्पूर्वी भाषाविज्ञानातील एक साधे उदाहरण लक्षात घ्या. ‘चार’ आणि ‘चारा’ हे दोन शब्द मोठ्याने उच्चारून पाहा. दोन्ही शब्दांत अक्षर एकच आहे. मात्र पहिला ‘च’ तालव्य आहे आणि दुसरा दंततालव्य. तुम्ही हा भेद जन्मभर अचूक पाळत आला आहात, पण त्याची जाणीव क्वचितच झाली असेल. नव्याने मराठी शिकणाऱ्या परभाषकाला मात्र तो पहिल्याच दिवशी अडवतो. म्हणजे भेद बाहेरच्याला ऐकू येतो. परंतु कोणता ‘च’ कोठे शोभतो, हे आतल्यालाच ठाऊक असते. केनेथ पाइक या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९५४ मध्ये स्वनविज्ञान आणि स्वनिमविचार यांतील हाच फरक मानवी वर्तनाच्या अभ्यासाला लावला. आचरण करणाऱ्या समूहाला जे अर्थपूर्ण वाटते, ते मांडणारी दृष्टी त्याने ‘एमिक’ म्हटली. बाहेरून निरीक्षण करणाऱ्याची दृष्टी ‘एटिक’ म्हटली. आपण त्यांना अनुक्रमे अंतःस्थ दृष्टी आणि बाह्य दृष्टी म्हणू.

धर्माच्या अभ्यासात हा भेद वापरणे भाषेइतके सोपे नसते. मराठी कोणाची मातृभाषा आहे, यावर सहसा वाद होत नाही. पण एखाद्या धर्माचा ‘आतला’ कोण, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावर मोठे वाद होतात. रमाबाईंना हा प्रश्न जन्मभर विचारला गेला. अनेकदा तो जेवणाच्या निमित्ताने विचारला गेला.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ पुराणिकाच्या घरातले अन्न

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. स्त्रीने संस्कृत शिकावे, हे त्या काळी न रुचणारे मत त्यांनी आचरणात आणले आणि पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले. पुढे आईनेच रमाबाईंना संस्कृतचे पाठ दिले. लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते.

हे कुटुंब पुढे तीर्थयात्रेला निघाले आणि वर्षानुवर्षे फिरतच राहिले. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे आणि श्रोत्यांनी श्रद्धेने दिलेल्या दक्षिणेवर व शिध्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. येथे ‘शिधा’ या शब्दाकडे लक्ष द्या. शिधा म्हणजे न शिजवलेले धान्य, डाळ, पीठ, मीठ. तो अनेकांकडून घेता येई. शिजवलेले अन्न मात्र कोणाच्या हातचे चालेल, याचे नियम कडक होते. अग्नी आणि पाणी यांचा स्पर्श झाला की धान्याचे ‘अन्न’ होते आणि अन्नाला जात चिकटते. ही व्यवस्था ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ‘शिधा’ आणि ‘अन्न’ या दोन शब्दांमधील अंतर कळते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेकडील दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. दक्षिणा आटली, जवळचे किडुकमिडुक विकले गेले. शास्त्राखेरीज अन्य व्यवसाय कोणी शिकलेले नव्हते. श्रमाचे काम करणे किंवा भीक मागणे कुळाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. रानातील पाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. वडील गेले. तापाने आणि उपासमारीने खंगलेल्या आईसाठी शेजारणीकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमाबाईंना जावे लागले, तेव्हा मागण्याचा शब्द तोंडातून फुटेना. महत्प्रयासाने मिळालेली ती भाकरी आईला खाता आलीच नाही. आईमागोमाग थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले.

या अनुभवाचा अर्थ रमाबाईंनी पुढे आत्मनिवेदनात शोधला आहे. त्यांचे दुःख केवळ उपासमारीचे नव्हते. भुकेने मरत असतानाही कोणते काम करावे, कोणापुढे हात पसरावा, याचे नियम ज्या माणसांनी सोडले नाहीत, ती माणसे त्यांची स्वतःची होती. हे दृश्य बाहेरच्याने पाहिले असते, तर त्याला केवळ हट्ट दिसला असता. रमाबाईंना त्यातील निष्ठाही दिसत होती आणि तिची भयंकर किंमतही.

३.३.२ कलकत्ता ते पुणे

१८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात त्यांना प्रथमच ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचे निमंत्रण मिळाले. तेथे एतद्देशीय माणसे गोऱ्या माणसांबरोबर चहा-बिस्किटे घेत होती. ते पाहून कलियुग पुरते अवतरले, असे या दोघांना वाटले. फराळाला त्यांनी हात लावला नाही. प्रार्थनेसाठी गुडघे टेकून खुर्च्यांकडे तोंड केलेली माणसे पाहून, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, अशी शंकाही त्यांच्या मनात आली.

या प्रसंगात बाह्य दृष्टी कोणाची आहे, हे लक्षात घ्या. युरोपीय प्रवासी हिंदूंकडे बाहेरून पाहतात, अशीच आपली कल्पना असते. येथे मात्र हिंदू तरुणी ख्रिस्ती उपासनेकडे बाहेरून पाहत आहे, आणि बाहेरच्या निरीक्षकाच्या हातून होणारी चूक तिच्याही हातून होत आहे. दिसलेली कृती खरी होती, लावलेला अर्थ चुकीचा होता.

१८८० मध्ये श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा आंतरजातीय विवाह होता. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पती कॉलऱ्याने वारले. तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई लहान मुलीला घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला, ‘स्त्री-धर्मनीति’ हा ग्रंथ लिहिला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारख्या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. जातीबाहेर विवाह करूनही त्या या वर्तुळात आपल्याच मानल्या गेल्या.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) ‘शिधा’ आणि ‘शिजवलेले अन्न’ यांत भेद करण्यामागील सामाजिक कारण सांगा.
(आ) कलकत्त्याच्या मेळाव्यात रमाबाईंची दृष्टी बाह्य होती असे का म्हणावे?

३.३.३ वाँटेज : नवा धर्म, जुने ताट

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रमात त्या राहिल्या. या संघाच्या भगिनी पुण्यातही कार्य करीत असत, त्यामुळे ओळख आधीची होती. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुर्दैवी अंत झाला. त्या आघातानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. ऐकण्यातील दोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू आणि शिकवू लागल्या.

महाराष्ट्रात या धर्मांतराने खळबळ माजली. वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली. पुण्याच्या दृष्टीने रमाबाई आता बाहेरच्या झाल्या होत्या. मग वाँटेजच्या दृष्टीने त्या आतल्या झाल्या का? या प्रश्नाचे उत्तर आश्रमाच्या भोजनगृहात मिळते.

बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. मांस-मासे आणि अंडी त्यांनी वर्ज्यच ठेवली. त्यांची आध्यात्मिक पालक असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना हे खटकले. नव्या धर्मात आलेल्या स्त्रीने जुन्या जातीचे नियम जपावेत, यात त्यांना अहंकार आणि अपुरे परिवर्तन दिसले. या दोघींचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील रमाबाईंचा युक्तिवाद अभ्यासण्यासारखा आहे. आपल्यात जातीचे पूर्वग्रह शिल्लक असतील, हे त्यांनी नाकारले नाही. मात्र त्यांनी प्रश्न उलटा फिरवला. एखादी इंग्रज स्त्री हिंदुस्थानात राहायला आली आणि कोणालाही अपाय न करणाऱ्या आपल्या सवयी तिने बदलल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय, असा त्यांचा आशय होता. आपल्या लोकांपासून स्वतःला विनाकारण तोडून घेण्याचीही त्यांची तयारी नव्हती. क्रूसावरील लेखाच्या बाबतीतही त्यांची भूमिका अशीच होती. आपल्या लोकांना अपरिचित असलेल्या लॅटिनपेक्षा तो संस्कृतमध्ये असावा, असे त्यांचे मत होते.

या वादाचे मर्म काय? सिस्टर जेराल्डिन यांच्या मते आहार हा धर्माचा भाग होता. म्हणून धर्म बदलला की आहारही बदलला पाहिजे. गंमत अशी की पुण्यातील सनातनी मंडळींचेही तेच मत होते. म्लेंच्छांच्या पंगतीला बसला तो धर्माला मुकला, असे ते मानत. दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक होते. परंतु ताटावरून माणसाचा धर्म ओळखता येतो, यावर दोघांचे एकमत होते. रमाबाईंनी हे गृहीतच नाकारले. श्रद्धेची निवड आणि जेवणातील संयम या दोन गोष्टी त्यांनी आपल्या विवेकाच्या आधारे वेगवेगळ्या ठेवल्या. शाकाहार त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

३.३.४ अमेरिका : निरीक्षित स्त्री निरीक्षक होते

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही त्यांनी निघण्यापूर्वी जाहीर सभेत दिली होती, आणि परदेशातही त्यांनी शाकाहार जपला. त्या दिवशी एकाच सभागृहात उपस्थित असलेल्या या दोन मराठी स्त्रियांची तुलना करा. एक हिंदू, दुसरी ख्रिस्ती. दोघी शाकाहारी. केवळ त्यांच्या ताटांकडे पाहून कोणाचा धर्म कोणता, हे सांगता आले असते का?

याच तुलनेत तिसरे नाव जोडता येईल. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत हिंदू धर्माचे प्रतिनिधित्व करणारे स्वामी विवेकानंद मांसाहार वर्ज्य मानत नसत. धर्म स्वयंपाकघरात कोंडून ठेवणाऱ्या शिवाशिवीवर त्यांनी कठोर टीका केली. हिंदू विधवांच्या स्थितीच्या वर्णनावरून अमेरिकेत त्यांचा आणि रमाबाईंच्या समर्थकांचा वादही झाला. म्हणजे ज्यांना जग हिंदू धर्माचा आवाज मानत होते, ते संन्यासी सामिष भोजन करीत. आणि ज्यांना हिंदू समाजाने बाहेर काढले होते, त्या विदुषी निरामिष.

अमेरिकेतील वास्तव्यात रमाबाईंनी दोन महत्त्वाची पुस्तके सिद्ध केली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्या अमेरिकन वाचकाला आपला समाज समजावून देतात. दुसरे पुस्तक मराठी असून ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या नावाने ते १८८९ मध्ये निघाले. त्यात त्या मराठी वाचकाला अमेरिकन समाज समजावून देतात. तेथील राज्यव्यवस्था, स्त्रियांच्या संस्था, मद्यपानविरोधी चळवळ, वर्णभेद यांचे वर्णन करतात. पहिल्या पुस्तकात त्या आतून बाहेर बोलत आहेत, दुसऱ्यात बाहेरून आत पाहत आहेत. एकच लेखिका दोन्ही स्थानांवरून लिहिते, ही मराठी गद्याच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे.

३.३.५ शारदासदनाचे स्वयंपाकघर

अमेरिकेतील मित्रमंडळींनी १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन केले. त्याच्या मदतीने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. बालविधवांना शिक्षण देणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. त्यामुळे विद्यार्थिनींना आपापले सोवळे आणि जातीचे आहारनियम पाळण्याची मोकळीक होती. वाँटेजमध्ये जे स्वातंत्र्य रमाबाईंनी स्वतःसाठी मागितले, ते त्यांनी येथे इतरांना दिले. संस्थेच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास हलले. त्या वेळी पुण्याचे वातावरण कसे होते? महिनाभर आधीच, १४ ऑक्टोबर १८९० रोजी, पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली होती. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता हाती धरला. उपस्थितांत रानडे आणि टिळक दोघेही होते. हा प्रसंग घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचे पती. उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात प्रसिद्ध होताच गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आयोग बसला, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. पेलाभर चहा धर्मनिष्ठेची कसोटी ठरू शकत होता, अशा शहरात एक ख्रिस्ती स्त्री हिंदू मुलींचे वसतिगृह चालवू पाहत होती.

सुरुवातीला लोकांनी विश्वास दाखवला. सदनाच्या सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होते. परंतु काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस बसतात, अशा वार्ता आल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की त्या आपल्या खोलीत, दार उघडे ठेवून प्रार्थना करतात. कोणास बोलावत नाहीत आणि कोणास घालवतही नाहीत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

विद्यार्थी मित्रहो, या वादाकडे एकाच बाजूने पाहू नका. स्वयंपाकघर सोवळ्याचे आहे, म्हणून सदन तटस्थ आहे, असे आरंभी पालकांनी मानले. आहार सांभाळला की धर्म सांभाळला, हेच ते समीकरण होते. पण मुलींच्या मनावर परिणाम होत होता तो अन्नाचा नव्हे, तर ज्या स्त्रीने त्यांना माणूस म्हणून वागवले तिच्या सहवासाचा. आपल्या सहवासाचे वजन किती आहे, हे रमाबाईंनी पुरेसे लक्षात घेतले होते का, असाही प्रश्न विचारता येतो. मुलगी आणि तिचा आधार यांच्या नात्यात उघडे दार पूर्णपणे तटस्थ नसते. पालकांची भीती म्हणूनच निराधार म्हणता येत नाही. त्याचबरोबर, त्या भीतीपायी घरी परत गेलेल्या मुलींचे शिक्षण थांबले, हेही विसरता येत नाही.

३.३.६ केडगाव : एक पंगत

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. बालपणीचे दृश्य त्यांना पुन्हा दिसले. सुमारे तीनशे निराधार मुली आणि स्त्रिया घेऊन त्या परतल्या. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती’ची वसाहत उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. शेती, विणकाम, छपाई असे उद्योग स्त्रियांना शिकवले गेले. श्रमाची लाज बाळगण्याच्या संस्कारामुळे आपल्या आईवडिलांना अन्न मिळवता आले नाही, ही जाणीव या योजनेमागे होती, असे म्हणता येईल.

मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तेथे नाना जातींच्या मुली एकत्र राहत आणि जेवत. शारदासदनात रमाबाईंनी जातीच्या नियमांचा आदर केला. केडगावात दुष्काळानेच ते नियम निरर्थक ठरवले. दोन्ही ठिकाणी त्यांच्या स्वतःच्या ताटातील अन्न मात्र निरामिषच होते. आपला संयम त्यांनी श्रेष्ठत्वाचे चिन्ह म्हणून मिरवला नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्दांना हिंदू धर्मकल्पनांचे अर्थ चिकटलेले आहेत, हे त्यांना जाणवत होते. ही जाणीव केवळ आतल्या माणसालाच होऊ शकते. परकीय मिशनऱ्याला शब्दकोशातील अर्थ दिसे. पुराणिकाच्या मुलीला त्या शब्दामागचे देऊळ, घाट आणि नैवेद्य दिसत. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) सिस्टर जेराल्डिन आणि पुण्यातील सनातनी यांच्या भूमिकांतील समान गृहीत कोणते?
(आ) शारदासदन आणि मुक्ती येथील भोजनव्यवस्थेत फरक का पडला?

३.३.७ ‘हिंदूंचा आहार’ असे म्हणताना

या चरित्रातून एक पद्धतशीर सावधगिरी आपण शिकली पाहिजे. हिंदू शाकाहारी असतात, हे विधान तुम्ही अनेकदा ऐकले असेल. ते कोणाचे आहे? बंगालमध्ये ब्राह्मणांच्या घरी मासळी शिजते. गोव्यात आणि कोकणात सारस्वत ब्राह्मण मासे खातात. महाराष्ट्रातील अनेक कुळांत देवीला किंवा दैवताच्या सेवकगणाला बोकडाचा मान असतो. तीच कुटुंबे एकादशीला, श्रावणात किंवा नवरात्रात सामिष अन्नाला शिवत नाहीत. गळ्यात तुळशीमाळ घातलेला वारकरी ते कायमचे वर्ज्य करतो. येथे आहाराचा नियम केवळ पदार्थावर नाही. तिथी, व्रत, कूळ आणि माळ यांवरही अवलंबून आहे. बाह्य दृष्टीला केवळ यादी दिसते. अंतःस्थ दृष्टीला तिचे व्याकरण कळते.

मात्र अंतःस्थ दृष्टीलाही काही गोष्टी दिसत नाहीत. उपवासाला आपण बटाटा, मिरची, शेंगदाणे आणि साबुदाणा निःशंकपणे खातो. बटाटा, मिरची, भुईमूग आणि ज्याच्या कंदापासून आपल्याकडील साबुदाणा बनतो तो कसावा, ही चारही पिके मूळची अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांच्या काळानंतर ती आपल्याकडे रुजली आणि पवित्रही ठरली. घरात उपवास करणाऱ्याला हे सांगून त्याचा उपवास खोटा ठरत नाही. पण हा नियम अनादी आहे, ही समजूत बाहेरून आलेल्या माहितीमुळेच दुरुस्त होते.

शिवाय ‘आतले’ सगळे एकाच जागी उभे नसतात. रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच ते उच्चवर्णीय स्त्रीविषयी असल्याचे स्पष्ट होते. असे पुस्तक वाचून परदेशी वाचकाने त्यातील चित्र अखिल हिंदू स्त्रीचे मानले, तर ती चूक लेखिकेची की वाचकाची, याचा विचार करा. ज्यांच्या अन्नावरूनच त्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांच्यासाठी आहाराची चर्चा कधीच निरुपद्रवी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाची चिकित्सा करताना मृत जनावराच्या मांसाचा प्रश्न मध्यवर्ती मानला, तो याच कारणाने. सोवळ्यातील पंगतीत बसलेला आणि पंगतीबाहेर थांबवलेला, दोघेही त्या व्यवस्थेला आतून ओळखतात. पण दोघांचे ज्ञान एकसारखे नसते.

३.४ सारांश

पंडिता रमाबाईंना पुण्याने बाहेरचे ठरवले आणि वाँटेजने पुरते आतले मानले नाही. दोन्ही वेळी आचार, विशेषतः आहार, हा पुरावा म्हणून पुढे केला गेला. आहारावरून श्रद्धा सिद्ध होते, हे गृहीत त्यांनी मान्य केले नाही. तरीही आहार ही क्षुल्लक बाब आहे, असेही त्यांनी मानले नाही. कारण त्यांच्या ताटात बालपण, आपल्या लोकांशी असलेले नाते आणि दुष्काळाची आठवण होती. त्यांच्या चरित्रातून असे दिसते की ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ ही कायमची ठरलेली माणसे नसून माणूस ज्या स्थानावरून पाहतो ती स्थाने आहेत. एकच व्यक्ती ती बदलू शकते, आणि प्रत्येक स्थानावरून काही दिसते, काही झाकले जाते.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात. कामाच्या ठिकाणी डबा उघडताना शेजाऱ्याच्या डब्याकडे आपली नजर जाते आणि त्यावरून त्या माणसाविषयी आपण काही ठरवूनही टाकतो. या घटकाचा उपयोग अशा वेळी व्हावा. डब्यात काय आहे, हे आपल्याला दिसते. ते का आहे, हे मात्र त्यालाच विचारावे लागते.

३.५ पारिभाषिक शब्द

अंतःस्थ दृष्टी : आचरण करणाऱ्या समूहाच्या अर्थव्यवस्थेतून आचाराकडे पाहण्याची पद्धत. (येथे ‘अर्थ’ म्हणजे शब्दाचा किंवा कृतीचा अर्थ.)
बाह्य दृष्टी : समूहाबाहेरील निरीक्षकाने तुलनेसाठी वापरलेली पद्धत.
सोवळे : धार्मिक शुचितेची अवस्था, त्या अवस्थेत नेसायचे वस्त्र.
पंगत : एकत्र भोजनासाठी बसलेल्यांची रांग, लक्षणेने, परस्परांत अन्नव्यवहार असलेला समूह.

३.६ स्वाध्याय

१. पंडिता रमाबाईंच्या आहारविषयक भूमिकेचा विकास गंगामूळपासून केडगावपर्यंत थोडक्यात सांगा.
२. ‘शारदासदनाचा वाद हा धर्मांतराचा वाद होता की विश्वासाचा?’ दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.
३. उपक्रम : आपल्या घरातील किंवा परिसरातील एक आहारनियम निवडा. तो पाळणाऱ्या व्यक्तीला त्याचा अर्थ विचारा आणि तिचे म्हणणे नोंदवा. नंतर त्याच नियमाचे वर्णन, तो प्रथमच पाहणाऱ्या परक्या माणसाच्या दृष्टीने लिहा. दोन्ही वर्णनांत काय वगळले गेले, याची नोंद करा.